दोषाचा माग काढणारा माणूस

नाशिकमध्ये मायको सर्कल नावाचा चौक आहे. रिक्षावाल्याला नुसतं मायको म्हटलं तरी पुरतं. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी. १९५१ साली ती बंगलोरला निघाली आणि पुढे नाशिकलाही तिचा कारखाना आला. डिझेल इंजिनात इंधनाची फवारणी करणारे नोझल आणि इंजेक्टर ही त्या कारखान्याची ओळख. या नोकरीच्या पगारावर नाशिककरांच्या किती घरांत मुलांची शिक्षणं झाली, मुलींची लग्नं झाली, बंगल्यांचे हप्ते फिटले, ते बँकेत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला चांगलं ठाऊक आहे. २००८ साली कंपनीचं नाव बदलून बॉश झालं. चौकाचं नाव मात्र लोकांनी बदलू दिलं नाही.

बॉश हे एका माणसाचं आडनाव आहे, हे कितीजणांच्या ध्यानात येतं कोण जाणे. स्पार्क प्लगच्या खोक्यावर, ड्रिलवर, आता तर कपडे धुण्याच्या यंत्रावरही ते दिसतं. त्या नावाशेजारी वर्तुळात एक चिन्ह असतं. त्यात काय आहे ते सांगतो, पण जरा नंतर.

रॉबर्ट बॉशचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ चा, दक्षिण जर्मनीतल्या उल्म शहराजवळच्या आल्बेक गावचा. बारा भावंडांत तो अकरावा. वडिलांची शेती होती आणि वाटसरूंसाठी खानावळवजा धर्मशाळा होती. घर खाऊनपिऊन सुखी, वडील वाचनाचे शौकीन आणि मतांनी स्वतंत्र. मुलाला झाडापाल्याची आणि प्राण्यांची ओढ होती, यंत्रांची नव्हे. शाळेतही त्यानं काही दिवे लावले नाहीत. म्हणून वडिलांनी त्याला उल्ममधल्या एका बारीककाम करणाऱ्या यंत्र-कारागिराकडे उमेदवारीला ठेवलं. तिथं मालकाचं शिकवण्याकडे फारसं लक्ष नसे. ही सल बॉशच्या मनात इतकी राहिली, की पुढे त्यानं आपल्या कारखान्यात शिकाऊ मुलांसाठी वेगळं वर्कशॉपच काढलं.

उमेदवारी संपल्यावर त्यानं गावोगावच्या कारखान्यांत कामं केली. स्टुटगार्टच्या तंत्रविद्यालयात काही महिने खास विद्यार्थी म्हणून बसला. विजेचं गणित आपल्याला येत नाही, निदान शब्द तरी ओळखीचे व्हावेत, एवढाच त्याचा हेतू होता. १८८४ साली तो अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कला एडिसनच्या कारखान्यात राबला. तिथून इंग्लंडला, सीमेन्सच्या कारखान्यात. मग घरी परत. १५ नोव्हेंबर १८८६ या दिवशी त्यानं स्टुटगार्टमध्ये एका इमारतीच्या मागच्या अंगाला, जेमतेम दोन-तीन खोल्यांत, आपलं वर्कशॉप उघडलं. भांडवल १०,००० मार्क, तेही वडिलांच्या वारशातून आलेलं. माणसं दोन : एक कारागीर आणि एक वरकामाचा पोरगा.

आता मला सवयीनं त्या धंद्याकडे कर्जाच्या अर्जासारखं पाहावंसं वाटतं. अर्जदाराचं वय पंचवीस, पदवी नाही. उत्पादन काय, तर दारावरच्या घंटा बसवणं, टेलिफोन दुरुस्त करणं, टाकीतल्या पाण्याची पातळी दाखवणारी विजेची उपकरणं करणं. म्हणजे पडेल ते काम. गिऱ्हाईक ठरलेलं नाही. पहिली कित्येक वर्षं उधारी आणि ओढाताण. पोरानं थोडी माणसं जमवली की मंदी यावी आणि त्यांना काढून टाकावं लागावं. १८९२ च्या सुमाराला चोवीस माणसांवरून दोघांवर यायची वेळ आली होती. असा अर्ज मी मंजूर केला असता का? शेरा मारून वरच्या कार्यालयाकडे पाठवला असता, आणि वरच्या कार्यालयानं काय केलं असतं ते मला पक्कं ठाऊक आहे.

त्या अर्जात न दिसणारी एक गोष्ट होती. १८८७ साली एका गिऱ्हाइकानं त्याच्याकडे मॅग्नेटो मागितला. मॅग्नेटो म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारं यंत्र. लोहचुंबकाच्या दोन टोकांमध्ये तारेचं वेटोळं हलतं, त्यात वीज उपजते आणि तिची ठिणगी इंजिनातला वायू पेटवते. बॅटरी लागत नाही. असं यंत्र ड्यॉइट्झ कंपनीच्या इंजिनावर होतं. बॉशनं जाऊन ते पाहिलं, त्याचं पेटंट नाही याची खात्री केली आणि आपल्या हातानं अधिक चांगलं करून दिलं. शोध त्याचा नव्हता. १८९७ साली इंग्रज व्यावसायिक फ्रेडरिक सिम्स यानं त्याच्याकडे एक मोटार-तिचाकी आणून दिली आणि तिला मॅग्नेटो बसवायला सांगितलं. कारखान्यातली इंजिनं संथ चालत. या तिचाकीचं इंजिन मिनिटाला हजारावर फेरे घेई. जुना मॅग्नेटो त्या वेगाला टिकेना. वाट सापडली ती बॉशच्या आर्नोल्ड त्सेरिंगर या माणसाला. जड वेटोळं स्थिर ठेवायचं आणि त्याच्याभोवतीची हलकी नळी हलवायची. १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा स्पार्क प्लग आला, तो गॉटलोब होनोल्डचा. याच बॉशकडे पोरसवदा वयात उमेदवारी केलेला हा मुलगा.

मग बॉशचं स्वतःचं काय? मला वाटतं, बिघाड सहन न होणं. तेव्हाच्या मोटारींचं रस्त्यात बंद पडणं हा नेहमीचा प्रकार होता, आणि त्यातही ठिणगीचं दुखणं सर्वांत चिवट. काही गाड्यांत तर नळी ज्योतीवर तापवून इंधन पेटवीत. म्हणजे पेट्रोलच्या शेजारी उघडी ज्योत! बॉशनं ठरवलं, आपल्या दारातून बाहेर पडणारी वस्तू कुणी कितीही तपासो, तिच्यात खोट निघता कामा नये. पैसा बुडाला तरी चालेल, भरवसा बुडता कामा नये. हा विचार त्यानं अनेकदा आणि अनेक प्रकारे मांडला. धंदेवाईक माणसं अशी वाक्यं भिंतीवर लावतात. यानं मात्र त्यापायी हाताखालच्या माणसांना सळो की पळो केलं.

ते वर्तुळातलं चिन्ह आता सांगतो. ते या मॅग्नेटोच्या फिरत्या गाभ्याचं चित्र आहे. १९१८ साली होनोल्डनं ते रेखाटलं. कपडे धुण्याच्या यंत्रावर आजही तेच आहे.

माणूस तापट होता आणि काटकसरीही. जमिनीवर पडलेली कागदाची टाचणी उचलून, हे काय आहे असं कर्मचाऱ्याला विचारायचं आणि हा माझा पैसा आहे असं स्वतःच उत्तर द्यायचं, अशी त्याची एक गोष्ट सांगतात. टाचणीवरून माणसाला झापणाऱ्या याच मालकानं १९०६ साली कारखान्यात आठ तासांची पाळी सुरू केली. जर्मनीत असं करणाऱ्या पहिल्या काही कारखान्यांत त्याचा होता. १९१० पासून शनिवारी दुपारनंतर सुट्टी. पगार इतरांहून बरे. शेजारी राहायला कार्ल काउट्स्कीसारखा समाजवादी विचारवंत, त्याच्याशी घरोबा. इतर कारखानदार त्याला लाल बॉश म्हणून हिणवीत. त्याच्या मते आठ तासांची पाळी धंद्याच्या दृष्टीनंही फायद्याचीच होती. यात उपकार कसले? तरीही १९१३ साली त्याच्याकडे संप झालाच. तो त्याला फार लागला आणि ज्या मालकसंघापासून तो इतकी वर्षं दूर राहिला होता, त्यात तो जाऊन बसला. त्याच्या चरित्रातला हा भाग मला सर्वांत मानवी वाटतो. चांगुलपणाची पावती मिळाली नाही की भले भले कडवट होतात.

पहिलं महायुद्ध आलं तेव्हा त्याचा बहुतेक माल जर्मनीबाहेर खपत होता. एका रात्रीत गिऱ्हाईक शत्रू झालं. अमेरिकेतली मालमत्ता तिथल्या सरकारनं जप्त केली. इकडे युद्धसामग्रीच्या ऑर्डरींमुळे पैसा मात्र वाहू लागला. युद्धावर श्रीमंत व्हायचं नाही म्हणून त्यानं त्यातले कोट्यवधी मार्क देऊन टाकले, त्यातला मोठा वाटा नेकार नदी जहाजांसाठी खुली करण्याच्या कामाला. त्याच वर्षांत घरातला दिवा मंद होत होता. एकुलता एक मुलगा, त्याचंही नाव रॉबर्ट, मज्जासंस्थेच्या दुर्धर आजारानं खंगत गेला आणि १९२१ साली, तरुणपणीच, वारला. कारखाना ज्याच्या हाती द्यायचा तोच गेला. पहिलं लग्न त्यानंतर टिकलं नाही. १९२७ साली घटस्फोट, त्याच वर्षी दुसरं लग्न, आणि सदुसष्टाव्या वर्षाच्या आसपास पुन्हा मुलगा झाला.

याच काळात त्यानं आयुष्यातलं दुसरं मोठं काम हाती घेतलं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती कमालीची तापावी आणि त्यात इंधन सोडताच त्यानं आपणहून पेट घ्यावा. अडचण ती इंधन सोडण्याची. दाबलेल्या हवेच्या विरुद्ध, ठरल्या क्षणी, एक थेंब किंवा त्याहून कमी इंधन धुक्यासारखं उडवायचं. रुडॉल्फ डिझेलनं त्यासाठी आणखी दाबलेल्या हवेचा झोत वापरला. त्याला लागणारा कॉम्प्रेसर एवढा अवजड, की डिझेल इंजिन जहाजात आणि कारखान्यात अडकून पडलं. १९२२ च्या शेवटी बॉशनं निर्णय घेतला : हवेशिवाय, नुसत्या पंपानं इंधन मारायचं. दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यातली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजायची, इतकं बारीक काम. उल्मच्या त्या उमेदवारीचा उपयोग आता कारखानाभर झाला म्हणायचा. पाच वर्षांनी, १९२७ च्या नोव्हेंबरमध्ये, पंप बाजारात आला. त्यानंतर डिझेल इंजिन ट्रकमध्ये शिरलं, ट्रॅक्टरमध्ये शिरलं. १९३६ साली मर्सिडीजची २६० डी ही डिझेल मोटार त्याच पंपावर धावू लागली.

पंप विकून भागत नाही. बिघडला तर दोष कुठं आहे हे सांगणारा माणूस जवळ हवा. हे बॉशनं फार आधी ओळखलं होतं. १९२१ साली हॅम्बर्गला पहिलं बॉश सेवा-केंद्र निघालं. खपलेल्या मालाचं दुखणं ओळखून देणारी गॅरेजं ही कल्पना तेव्हा नवी होती.

आमच्याकडच्या मिस्त्रींची विद्या त्याच वंशातली. ऐंशीच्या दशकात मी नाशिक जिल्ह्यातल्या एका शाखेत होतो. वसुलीला जायची डिझेल जीप एक दिवस मिसिंग मारू लागली. मिस्त्रीनं इंजिन चालू ठेवलं आणि पाना घेऊन एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट किंचित सैल करायला लागला. पहिला सैल केला, आवाज आणखी बिघडला; तो सिलिंडर ठीक. दुसरा, तसंच. तिसरा सैल केला आणि आवाजात काहीच फरक पडला नाही. जो मुळात काम करत नव्हता, तो बंद केल्यानं काय बिघडणार? नोझल काढून हातपंपावर लावलं तर धुक्याऐवजी धार. दहा मिनिटांत निदान. बँकेच्या तपासणी अधिकाऱ्यांनी ही पद्धत शिकून घ्यावी असं मला तेव्हा वाटलं होतं. (हे जुन्या पंपांचं सांगतोय. आजच्या कॉमन रेल डिझेल गाडीत हजारावर बारचा दाब असतो. तिथं चालू इंजिनाचा नट कुणी सैल करायला जाऊ नये. ती धार कातडी फोडून आत शिरते.)

बॉशच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी, १९६७ साली, त्याच्या कंपनीनं पेट्रोलच्या गाड्यांसाठी विजेवर उघडणारा इंजेक्टर मोठ्या प्रमाणावर आणला. फोक्सवॅगनच्या अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांत तो प्रथम बसला. कॅलिफोर्नियाचे धुराचे नियम कडक झाले होते. ठिणगी आणि थेंब ही त्याच्या आयुष्यातली दोन कामं त्या इंजेक्टरात एका वायरीवर आली. इंजेक्टरमध्ये तारेचं छोटं वेटोळं असतं. त्याला दोन वायरी येतात : एकीत किल्ली फिरवताच १२ व्होल्ट येतात, दुसरी गाडीच्या कॉम्प्युटरकडे जाते आणि कॉम्प्युटर ती क्षणभर अर्थ करतो, तेवढा वेळ इंजेक्टर उघडतो. मिनिटाला शेकडो वेळा.

माझ्या पुतणीच्या गाडीला अलीकडे हेच दुखणं झालं. गाडी थरथरते, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा. एका गॅरेजनं स्कॅनर लावला, पी ०२०३ असा कोड आला. तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर, असं म्हणून नवा बसवला आणि बिल हातात दिलं. दोन दिवसांनी दिवा पुन्हा हजर. दुसरीकडे नेली. तिथला मुलगा आयटीआयचा. मी काही कामधंदा नसल्यानं स्टुलावर बसून पाहत होतो. तो म्हणाला की कोड इंजेक्टर वाईट आहे असं सांगतच नाही, तो सर्किटमध्ये दोष आहे एवढंच सांगतो. सर्किट म्हणजे वेटोळं, कनेक्टर, दोन्ही वायरी, फ्यूज आणि कॉम्प्युटर, सगळंच.

त्यानं आधी डोळ्यांनी कनेक्टर पाहिला. गंज नाही, पिन वाकलेली नाही. कनेक्टर काढून त्यात छोटा टेस्ट लॅम्प खोचला आणि स्टार्टर मारायला लावला. शेजारच्या सिलिंडरवर दिवा लुकलुकला, तिसऱ्यावर अंधार. मग मल्टिमीटरनं इंजेक्टरचं वेटोळं मोजलं : बहुतेक पेट्रोल गाड्यांत १२ ते १६ ओहम असतात, तसेच आले, आणि शेजाऱ्यांइतकेच. म्हणजे नवा इंजेक्टर ठीक. अर्थात जुनाही ठीकच असणार. किल्ली चालू करून पहिली वायर पाहिली, १२ व्होल्ट हजर. म्हणजे फ्यूज, रिले ठीक. राहिली कॉम्प्युटरकडची वायर. दिव्याचं एक टोक बॅटरीच्या प्लसला लावून दुसरं त्या वायरीच्या इंजेक्टरकडच्या टोकाला लावलं, अंधार. त्याच वायरीच्या कॉम्प्युटरकडच्या टोकाला लावलं. दिवा लुकलुकू लागला. कॉम्प्युटर हुकूम देत होता, हुकूम वाटेत हरवत होता. बोटांनी वायर चाचपत तो एका पत्र्याच्या पट्टीपाशी थांबला. वरचं आवरण घासलेलं, आत पाणी शिरून तांबं हिरवं पडलेलं. वीतभर वायर बदलली, ती पट्टीपासून लांब बांधली. त्याचं बिल पाहून पुतणीला आधीच्या बिलाचा राग आला, आणि तो रास्तच होता.

पुन्हा त्या म्हाताऱ्याकडे येतो, कारण त्याची शेवटची दहा वर्षं टाळून त्याचं आयुष्य सांगणं बरं नव्हे. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. बॉश तेव्हा बहात्तरीकडे झुकलेला. जर्मनी आणि फ्रान्सचा समेट व्हावा म्हणून झटणारा, लोकशाहीवादी. या राजवटीचं दुखणं कुठं आहे, हे त्याला लवकर कळलं. पण त्याच राजवटीच्या शस्त्रसज्जतेनं त्याचा कारखाना दुथडी वाहू लागला. ट्रक, रणगाडे, विमानं, सगळ्यांना पंप आणि प्लग हवे होते. १९३७ साली त्यानं लाइपझिगचे माजी महापौर कार्ल गेर्डेलर यांना कंपनीचे सल्लागार नेमलं. ते नुसतं निमित्त. गेर्डेलर हिटलरविरोधी गटाचे म्होरके होते आणि त्यांच्या प्रवासाला बॉशच्या नोकरीची आड होती. हिटलरवरचा हल्ला फसल्यावर १९४५ साली त्यांना फाशी झाली. बॉशनंतर कंपनी सांभाळणारे हान्स वाल्झ यांनी ज्यूंना पैसा पुरवून देशाबाहेर काढायला मदत केली. हे सगळं खरं. आणि हेही खरं, की युद्धकाळात बॉशच्या कारखान्यांत सुमारे २०,००० माणसं सक्तीनं राबवली गेली. पकडून आणलेली, त्यात युद्धकैदी होते, छळछावण्यांतले कैदीही होते. आठ तासांची पाळी सुरू करणाऱ्या माणसाच्या नावाच्या कारखान्यांत. जमेची बाजू दाखवून ही नोंद खोडता येत नाही.

१२ मार्च १९४२ रोजी रॉबर्ट बॉश वारला. ज्या सरकारचा त्याला तिटकारा होता, त्यानंच त्याची सरकारी इतमामानं अंत्ययात्रा काढली. ती नाकारायला तो हयात नव्हता. त्याचं चरित्र लिहिलं थिओडोर हॉइस यांनी. ते पुढे पश्चिम जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

मृत्युपत्र मात्र त्यानं आधीच चोख करून ठेवलं होतं. आयुष्यभर मी वारसांची भांडणं आणि त्यात बुडालेले कारखाने पाहिले, म्हणून मला या मृत्युपत्राचं अप्रूप जास्त. कंपनी विकली जाऊ नये, तिचं स्वातंत्र्य राहावं आणि नफ्यातून लोककल्याणाची कामं व्हावीत, अशी त्याची इच्छा. त्यानुसार १९६४ साली कुटुंबाकडचे बहुतेक समभाग धर्मादाय संस्थेकडे गेले. आज कंपनीचे ९० टक्क्यांहून अधिक भाग या संस्थेकडे आहेत, पण मतदानाचा अधिकार तिला नाही. तो एका वेगळ्या विश्वस्त मंडळाकडे आहे. ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे हुकूम नाही, ज्याच्याकडे हुकूम त्याला पैसा मिळत नाही. त्या पैशातून शाळा, संशोधन आणि स्टुटगार्टचं रॉबर्ट बॉश रुग्णालय चालतं. होमिओपॅथीवर त्याची फार श्रद्धा होती. १९४० साली रुग्णालय सुरू झालं ते त्याच उपचारांसाठी. आज तिथं शस्त्रक्रियाही होतात.